लागतंय म्हणजे लागू पडतंय

तनूच्या गालाला हात लावायच्या आधी मी हात धुते. एकदा नाय, दोनदा. ती आता सव्वादोन वर्षांची झाली, पळते, मातीत बसते, कुत्र्याच्या पिल्लाचा मुका घेते, तिला काय त्याचं, पण माझा हात आधी नळाखाली जातो. सासूबाई म्हणतात, "पोरगी हाय का देव्हारा?" मी परत साबण घेते. ही सवय सुमनमावशींची हाय. त्यांच्याकडनं माझ्याकडं आली आणि आता जात नाय, आणि जाऊ पण नये असं वाटतं, कारण ही गेली तर बाकीचं पण विसरेन आणि परत काहीतरी करून बसेन, अशी मला सारखी भीती असते.

सुमनमावशी म्हणजे आमच्या सातपूरच्या कॉलनीतल्या पार्लरवाल्या. घराची पुढची खोली तेच पार्लर. दोन खुर्च्या, एक फिरणारी आणि एक फिरायची बंद झालेली. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली आरसा, आणि आरशावर टॉवेल टाकलेला. "आरसा शेवटी," असं त्यांचं. बाहेर बोर्ड होता, सुमन ब्युटी पार्लर, पण त्यातला 'ब्यु' उन्हानं उडून गेला होता, त्यामुळं राहिलं होतं सुमन टी पार्लर. कंपनीत नवीन लागलेली पोरं दुपारी यायची आणि दारातनं विचारायची, मावशी, दोन कटिंग. आम्ही बाया हसून हसून मरायचो. मावशी हसायच्या नाहीत, आणि त्यांचा चहा ठेवलेला असला तर खरंच दोन कप पुढं करायच्या. बोर्ड रंगवून घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "अगं, ब्युटी गेली ते बरंच झालं. टी तरी खरा आहे."

एकदा कुणीतरी म्हटलं, चहा पिऊन माणूस काळं होतं. तर मावशी म्हणाल्या, "चहानं काळं होत असतं तर ही सगळी एमायडीसी अंधारात चाचपडली असती."

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले तेव्हा तनू चार महिन्यांची होती. मी घोटीच्या पलीकडची, आठवी शिकलेली. आठवीनंतर भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीला, आणि मग लग्नात. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा वाटलं होतं की आता चिखल नाय, ऊन नाय, आता आपण उजळणार. झालं उलटंच. तनूच्या वेळेला दिवस गेले आणि गालावर, कपाळावर, ओठाच्या वर असे तपकिरी डाग आले, जसं काय कुणी चहाचा कप तोंडावर सांडला. आणि नणंदेचं लग्न आलेलं. मी म्हटलं, ब्लीच करून घेऊ.

मावशींनी आधी हात धुतले. मग माझी हनुवटी धरून मला उठवलं आणि दारात नेलं. हे त्या सगळ्यांना करायच्या. कुणी आमदारीण आली तरी आधी दारात. "ट्यूबलाइट खोटं बोलते," म्हणायच्या, "दिवस खोटं बोलत नाही." रस्त्यावरनं माणसं जातात, भाजीवाला बघतो, आणि आपण तोंड वर करून उभं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाळ केवढं?"

"चार महिन्यांचं."

"हे वांग आहे. बाळंतपणाचं. याला घासायचं नाही, जाळायचं नाही. उन्हात तोंड झाकायचं आणि वाट बघायची. ब्लीच नाही करणार मी."

"पण मावशी, लग्न हाय..."

"लग्न नणंदेचं ना? तुझं झालंय."

बाकावर बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "मावशी, धंदा करता का आश्रम चालवता?" मावशींनी माझ्या फक्त भुवया केल्या. दोरा दातात धरून भुवया करायच्या आणि तसंच बोलायच्या पण, दात न उघडता, त्यामुळं निम्मं कळायचं निम्मं नाय. पण काही खरं महत्त्वाचं असलं की दोरा सोडायच्या. दोरा सोडला की खुर्चीतली बाई पण दचकायची, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. त्या दिवशी दोरा सोडून मला म्हणाल्या, "घोटीवाली, दुसरीकडं जाऊन करू नको हां." तेव्हापासनं मी घोटीवालीच झाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाय.

मावशींच्या डाव्या गालावर कायम ओढणी. स्कूटीवरच्या पोरी बांधतात तशी, कानापासनं हनुवटीपर्यंत, घरात पण, भर वैशाखात पण. आम्ही विचारलं की म्हणायच्या, लहानपणी चुलीची झळ लागलीय. मग कुणी विचारलं नाय.

गिऱ्हाईक टिकायचं नाय त्यांच्याकडं. नवीन क्रीम असली की आधी कानाच्या मागं एक ठिपका लावायच्या आणि म्हणायच्या, "तीन दिवसांनी ये." बाई म्हणायची, अहो परवा लग्न हाय. "मग जा की परवा. आहे तेच तोंड घेऊन जा, ओळखतील तरी." बारावीतली एक पोरगी लिंबू आणि खायचा सोडा चोळून, त्यात वर उन्हात जाऊन, लालबुंद तोंड घेऊन आली होती. रडत होती. म्हणे घरचंच तर लावलं मावशी, घरच्यानं काय होतंय. मावशी म्हणाल्या, "लिंबानं तांब्या का चकाकतो? वरचं निघतं म्हणून. तुझं तोंड तांब्या आहे का? वरचं निघाल्यावर खाली काय आहे ते बघायचंय तुला?" पोरीनं नाय म्हणून मान हलवली. मग मावशींनी तिला तासभर साध्या पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि घरी जाताना सांगितलं, "मुरमाला टूथपेस्ट पण लावायची नाही. दाताला लाव. दातांना तरी कुणी विचारत नाही गोरे का काळे."

असं सगळं शहाणपण, पण मावशी पॅक लावून बाजूच्या खुर्चीत बसल्या की स्वतःच झोपायच्या. घोरायच्या. इकडं बाईचं तोंड वाळून कडक झालेलं, तिला हाक मारता येत नाय, ओठ हलवला की पॅक तडकतो, मग ती चप्पल आपटत बसायची. आम्ही बाकावर बसून बघायचो, पण उठवायचो नाय.

मी त्यांचं ऐकलं नाय. हे सांगायला मला लय जड जातं, पण सांगते.

लग्नाच्या आठ दिवस आधी नणंदेनं मला एक डबी दिली. तिला कुणी मैत्रिणीनं दिलेली. बिननावाची, पांढरी, गुलाबी झाकण, गुलाबाचा वास, पण त्या वासाखाली दुसरा एक वास, दवाखान्यासारखा. झोपताना लावायची म्हणे. पहिल्या दिवशी असं चुरचुरलं की डोळ्यातनं पाणी आलं. नणंद म्हणाली, "वहिनी, लागतंय ना? लागतंय म्हणजे लागू पडतंय." मला पटलं. आमच्याकडं आई पण असंच म्हणायची, शेतात विळा लागला आणि त्यावर औषध घातलं आणि आपण ओरडलो की म्हणायची, झालं, लागू पडलं. मी दात दाबून लावत राहिले. आणि आठ दिवसांत तोंड असं उजळलं की ह्यांनी पण बघितलं. लग्नात सगळ्या विचारायला लागल्या, काय लावते गं.

आणि त्याच लग्नात, त्याच बाया, तनूला हातात घेऊन, "अगं बाई, ही बापावर गेली वाटतं. आई किती गोरी." हसत म्हणाल्या, वाईट काय नाय. पण मला झोप लागेना. मी अशीच सावळी म्हणून मला बघायला आलेली तीन स्थळं गेली होती, ते सगळं डोळ्यासमोर यायला लागलं. तनूचं पुढं काय होईल. ती पाच महिन्यांची आणि मी तिच्या लग्नाचं बघत होते. मग मी तिला लावायला लागले. मोहरीएवढं. कुणाला सांगितलं नाय. ती तोंड फिरवायची, कुरकुरायची, मूठ गालावर घासायची, आणि मी तिची आई, मी तिला म्हणायचे, "लागतंय ना बाळा? लागतंय म्हणजे लागू पडतंय."

हे मी म्हटलेलं हाय. माझ्या तोंडानं.

वीसेक दिवस लावलं. मग घाबरून दोन दिवस थांबले तर गाल लाल. लाल म्हणजे भाजल्यासारखे, त्यावर बारीक पुळ्या, आणि पोरगी खाजवून खाजवून रडते. सासूबाई म्हणाल्या, उष्णता हाय, डाळीचं पीठ आणि साय लावून चोळ. चोळलं. अजून लाल. माझं स्वतःचं तोंड पण तसंच आग आग करायला लागलेलं, पण माझं मरू दे. दुपारी मी तिला उचललं आणि पळत मावशींकडं गेले. दवाखान्यात का गेले नाय? तिथं विचारतील काय लावलं म्हणून. मावशी नाय विचारणार असं वाटलं.

मावशी एकीच्या भुवया करत होत्या. एक झालेली, दुसरी निम्मी. आरशात मी दिसले नसणार, त्यावर टॉवेल, पण माझ्या पावलांचा आवाज कसा आला असेल कोण जाणे, त्यांनी वळून बघितलं आणि दोरा सोडला. हात धुतले. तनूला घेतलं आणि दारात गेल्या.

"काय लावलंस?"

"काय नाय मावशी."

"काय लावलंस?"

"साय. डाळीचं पीठ."

मावशींनी वाकून तनूच्या गालाचा वास घेतला. नुसता वास. आणि तशाच वाकलेल्या राहिल्या, बराच वेळ. मग सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, "डबी कुठंय?"

माझ्या पदराला बांधलेली होती. सासूबाईंना सापडू नये म्हणून मी ती अंगावरच ठेवायचे. मी काढून दिली. त्यांनी चप्पल घातली.

खुर्चीतली बाई ओरडली, "अहो मावशी! माझी एक भुवई!"

"एक झाकून बस. आले मी."

रिक्षात मी रडत होते. मावशी तनूला धरून बसल्या होत्या, तिचे दोन्ही हात स्वतःच्या एका हातात पकडून, खाजवू नये म्हणून. एवढंच म्हणाल्या, "लागणं वेगळं, लागू पडणं वेगळं. शब्द एकसारखे आहेत म्हणून काय झालं."

म्हणजे मी रडता रडता ते पण बोलले असणार, नाय तर त्यांना कसं कळलं.

सरकारी दवाखान्यात लाइन होती. आत गेलो तर डॉक्टरीणबाई, वयानं माझ्यापेक्षा थोडीच मोठी. तिनं विचारलं, काय लावलं होतं? मी मावशींकडं बघितलं. मावशी भिंतीकडं बघत होत्या. मी परत बघितलं. मावशी म्हणाल्या, "तू लावलंस, तूच सांग. माझ्या सांगण्यानं औषध नाही मिळणार तिला." मग मी सगळं सांगितलं. किती, किती दिवस, कुठं कुठं. डॉक्टरीणबाई ओरडली नाय. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबीचा वास घेतला, तनूचं वजन केलं, पोट दाबून बघितलं, आणि सांगितलं की यात भारी औषध असतं, स्टिरॉइड, बाळाची कातडी पातळ, ते आत जातं. बरं होईल, पण आधी वाढेल. वाढलं म्हणून परत ही क्रीम लावायची नाय. साधं मलम दिलं, आणखी एक औषध दिलं, ते कसं कमी करत जायचं ते दोनदा सांगितलं, आणि दर आठवड्याला आणा म्हणाली. मला पण तपासलं. मी म्हटलं, माझं राहू द्या. ती म्हणाली, राहू कसं देऊ?

आणि खरंच वाढलं. पंधरा दिवस असे गेले की आठवायला नको वाटतं. पोरीच्या हाताला मोजे, माझ्या तोंडाला ओढणी, सासूबाई बोलत नव्हत्या, हे कामावरनं आले की आधी पोरीकडं बघायचे आणि मग माझ्याकडं. त्यात ह्यांचे मोठे काका घोटीवरनं येणार होते तनूला बघायला. मला वाटलं, एकदाच. एकदाच लावलं तर दोन दिवसांत गाल साफ होतात, मला माहीत होतं ना. काका बघून जातील, मग परत कधी नाय. डबी मावशींकडं होती. तनूला कडेवर घेऊन मी गेले.

मावशी एकट्याच होत्या, झाडू मारत होत्या. मी म्हटलं, "मावशी, डबी द्या ना. एकदाच."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. हात धुतले. मला वाटलं आता देतात. तर त्यांनी मला नाय, स्वतःलाच दारात नेलं. उजेडात उभ्या राहिल्या आणि ओढणी सोडली.

गाल पातळ कागदासारखा. आतल्या लाल शिरा दिसत होत्या, बारीक, जाळीसारख्या, आणि वर लव उगवलेली, आणि सगळं ओलं असल्यासारखं चमकत होतं. चुलीची झळ नव्हती ती.

"मला पण एकदाच लावायची होती," मावशी म्हणाल्या. "भाचीच्या साखरपुड्याला. मग थांबवलं की लाल, म्हणून परत. परत थांबवलं की अजून लाल, म्हणून परत. पाच वर्षं."

मी म्हटलं, "कुणी दिलेली तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच भरायचे."

मला आधी कळलंच नाय.

"डब्या," त्या म्हणाल्या. "मेडिकलमधल्या तीन ट्यूब आणायच्या, साध्या क्रीममध्ये कालवायच्या, वर गुलाबाचं अत्तर. इथंच. या खोलीत. बाया लांबनं यायच्या. तेव्हा बोर्डावर ब्युटी होती." मग म्हणाल्या, "पोरीच्या गालाचा वास घेतला आणि वाटलं, माझीच डबी फिरून आली की काय."

खरं सांगते, मला राग आला. लय आला. मी एवढी पाया पडायच्या तयारीनं आलेली, आणि हीच बाई. मी तनूला उचललं आणि निघून आले. काका आले, तनूचे लाल गाल बघितले, म्हणाले, "उष्णतेनं उठलंय वाटतं. होईल बरं," आणि चहा पिऊन गेले. एवढंच. एवढ्यासाठी मी डबी मागायला गेले होते.

पाच दिवस मी त्यांच्या दारावरनं गेले नाय. सहाव्या दिवशी दवाखान्याचा वार होता. रिक्षाच्या स्टॉपवर गेले तर मावशी आधीच उभ्या. ओढणी बांधलेली, हातात पाण्याची बाटली. रिक्षा आली, त्यांनी बाटलीनं हात धुतले आणि तनूला माझ्याकडनं घेतलं. तिथनं पुढं दर आठवड्याला तसंच. माझा राग गेला का? माहीत नाय. असतो कधी कधी. त्या डब्या घेऊन गेलेल्या बाया कुठं असतील, त्यांनी पण आपल्या पोरींना लावलं असेल का, हे मनात आलं की मला कसंतरी होतं. मावशींना पण होत असणार. म्हणून तर त्या गिऱ्हाइकाला परत पाठवायच्या, कानामागं ठिपका लावून.

तनूचे गाल हळूहळू निवले. जसे होते तसे झाले. सावळे. माझ्या आईसारखे. डॉक्टरीणबाई म्हणाली आता नका येऊ, आणि मी बाहेर येऊन परत आत गेले आणि विचारलं, नक्की ना? माझे डाग अजून हायेत, फिकट. मी ऊन लागू देत नाय, मलम लावते आणि घासत नाय.

मावशींनी पार्लर बंद केलं ते तनू चालायला लागली तेव्हा. त्यांची मुलगी ओझरला, जावई तिथल्या विमानाच्या कारखान्यात, ती न्यायला आली. सकाळी अकराचं ऊन, टेम्पोत सामान चढत होतं. ती न फिरणारी खुर्ची, आरसा, आणि बोर्ड पण, सुमन टी पार्लर. मी म्हटलं, बोर्ड कशाला नेता? "चहा ठेवेन की," म्हणाल्या.

मी तनूला पुढं केलं. नळ बंद केलेला होता, म्हणून मावशींनी बाटलीनं हात धुतले, दोनदा. तिला दारात नेलं, हनुवटी वर केली, एक गाल बघितला, दुसरा बघितला. सवयीनं वास पण घेतला. तनूला वाटलं खेळ हाय. तिनं ओढणी धरली आणि ओढली, सगळी सुटून आली, आणि तिनं हसत हसत मावशींच्या त्या गालावर फाडकन हात मारला. शिरांवर.

माझा जीव गेला. "मावशी! लागलं का हो?"

मावशींनी डोळे मिटले होते. तनूचा हात त्यांनी तिथंच धरून ठेवला, गालावर.

"लागू दे," म्हणाल्या.

मग टेम्पोत पुढं बसल्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा माझ्या लक्षात आलं, ओढणी तनूच्या हातातच राहिली होती. मावशींचा डावा गाल खिडकीकडं, त्यावर सगळं ऊन. मी टेम्पोच्या मागं पळाले, एका हातात पोरगी, तिच्या हातात ओढणी, आणि ओरडले, "मावशी, ऊन! मावशी, तोंड झाका!" त्यांनी वळून बघितलं. हसल्या, आणि तळहात गालावर ठेवला, जिथं तनूनं मारलं होतं बरोबर तिथं, आणि टेम्पो वळेपर्यंत तसाच ठेवला.